लाल ठिपका आणि माझी चाळिशी

चाळिशी लागल्याचं आपल्याकडे बाईला पहिल्यांदा कळतं ते सुईत दोरा ओवताना, नाहीतर तांदूळ निवडताना. मला ते कळलं रिव्हॉल्व्हरचा नेम धरताना! दचकलात ना? साहजिक आहे. आपल्याकडे बंदूक म्हटलं की एक तर पोलीस, नाहीतर सिनेमा. चारचौघींसारखी पोळ्या लाटणारी, मुलाच्या मागे अभ्यासाला लागणारी बाई कमरेला रिव्हॉल्व्हर लावून कामाला निघते, हे चित्र डोळ्यांसमोर येतच नाही. लग्न करून इथं आले तेव्हा माझ्याही आलं नव्हतं.

मैत्रिणींनो, मी अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलस शहराजवळ राहते. व्यवसायानं घरांची एजंट. विकायला काढलेली घरं गिऱ्हाइकांना दाखवायची आणि सौदा जमवून द्यायचा, हे माझं काम. आपल्याकडे एजंट घर दाखवायला जातो तेव्हा घरमालक, शेजारी, वॉचमन अशी चार माणसं आजूबाजूला असतात. इथं घरमालक बऱ्याचदा आधीच दुसरीकडे राहायला गेलेला असतो. भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. फोनवर बोललेला एक अनोळखी माणूस येतो, मी कुलूप उघडते, आणि रिकाम्या घरात आम्ही दोघंच. आजवर मला भेटलेली माणसं सज्जनच निघाली. पण २०१४ मध्ये आर्कान्सा राज्यात माझ्याच व्यवसायातली एक बाई घर दाखवायला गेली, ती परत आली नाही. गिऱ्हाईक म्हणून बोलावून तिला पळवून नेलं आणि मारून टाकलं. आमच्या व्यवसायाची देशव्यापी संघटना सप्टेंबर महिना सुरक्षेचा महिना म्हणून पाळते, तो उगीच नाही.

टेक्सासमध्ये कपड्याखाली झाकून पिस्तूल बाळगायच्या परवान्याचा कायदा १९९५ मध्ये झाला. सप्टेंबर २०२१ पासून तर २१ वर्षांवरच्या, कायद्यानं बंदी नसलेल्या माणसाला परवान्याचीही गरज राहिली नाही. तरीही मी रीतसर वर्गाला बसून परवाना काढला. लेखी परीक्षा दिली, आणि ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायची परीक्षाही दिली. शिकल्याशिवाय गाडी चालवू नये, तसंच हे, असं मला वाटतं.

उंचवटा दिसेना

माझं रिव्हॉल्व्हर आखूड नळीचं आहे. पाच गोळ्यांचं, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एखाद्या मोठ्या स्टीलच्या तांब्यापेक्षाही हलकं. झाकून न्यायला सोयीचं, पण नेम धरायला महाकठीण. रिव्हॉल्व्हरच्या पाठीवर मागं एक खाच असते आणि नळीच्या टोकाला एक छोटा उंचवटा. खाचेत उंचवटा बरोबर मध्ये दिसला, आणि तो समोरच्या निशाणावर आला, की नेम जमला. आता बघा, यात तीन वस्तू तीन अंतरांवर आल्या. डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट दिसते. शिकवणारे सांगतात, उंचवट्याकडे बघ, बाकीचं धूसर दिसलं तरी चालेल.

पण चाळिशीनंतर नेमका हाताच्या अंतरावरचा उंचवटाच धूसर होतो! वाचायचा चष्मा लावावा तर समोरचं निशाण पुसट. दोन्हीचा चष्मा लावावा तर खालच्या काचेतून बघण्यासाठी हनुवटी वर करून, सासूबाई पेपर वाचतात तसं उभं राहायचं. संकटाच्या वेळी हे जमणार आहे का?

त्यात आखूड नळीचं गणित वेगळंच. खाच आणि उंचवटा यांच्यात जेमतेम ९ सेंटिमीटरचं अंतर. तिथं १ मिलिमीटरचा फरक पडला, तर ७ यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेसहा मीटरवर, गोळी सात सेंटिमीटर बाजूला जाते. १५ यार्डांवर पंधरा. रेंजवर सरावाला गेले तेव्हा माझ्या कागदी निशाणावर गोळ्या रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या विखुरलेल्या. आमच्या प्रशिक्षक बाई साठीच्या पुढच्या, जन्मानं टेक्सासच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "चुकलेली प्रत्येक गोळी कुठं तरी जातेच. कुणाच्या घरात जाते, तेवढं विचारत जा."

ते वाक्य मनात रुतून बसलं. इथली घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून उभी केलेली असतात. खोल्यांमधली भिंत म्हणजे आपल्या दृष्टीनं जाड पुठ्ठाच. गोळी तिच्यातून सहज पार जाते. पलीकडच्या खोलीत कुणाचं लेकरू झोपलेलं असेल तर? नेम धरता येत नसेल तर हे बाळगायचंच कशाला, या प्रश्नावर मी आणि नवरा दोन आठवडे बोलत होतो. तेव्हा बाईंनी लेझर सुचवला.

बटण कुठं आहे, ते बघा

लेझर म्हणजे बंदुकीवर बसवायचा छोटा दिवा. त्याचा सरळसोट किरण जाऊन समोर ठिपका पडतो. नीट जुळवून घेतला, की गोळी साधारण त्या ठिपक्यावर जाणार. खाच नको, उंचवटा नको. नजर समोरच्या माणसावर ठेवायची आणि दूरचं तर आपल्याला चाळिशीतही छान दिसतं.

मी दुकानात गेले तेव्हा काचेच्या कपाटात एवढे प्रकार होते, की दिवाळीत पणत्यांच्या दुकानात उभं राहावं तसं झालं. लेझर स्वस्त-महाग, लाल-हिरवा हे नंतर बघायचं. आधी बघायचं, तो पेटतो कसा.

एका प्रकारात चापाच्या पुढं लहानसं बटण असतं. ते बोटानं दाबायचं. घरात बसून सोपं वाटतं. पण जीव घाबरला, की हाताची बारीक कामं पहिल्यांदा बंद पडतात. भीतीनं किल्ली कुलपात जात नाही, हा अनुभव कुणाला नाही? तशा हातांनी बटण शोधायचं म्हणजे कठीणच. दुसऱ्या प्रकारात कमरेच्या म्यानातून, म्हणजे होल्स्टरमधून, शस्त्र बाहेर आलं की लोहचुंबकाच्या योजनेनं दिवा आपोआप लागतो. छान आहे, पण त्यासाठी त्या लेझरबरोबर जुळणारंच होल्स्टर हवं. तिसऱ्या प्रकारात लेझर मुठीतच बसवलेला असतो. मूठ नीट आवळली, की बोटाखालची कळ दबते आणि दिवा लागतो. वेगळं काही करायचंच नाही. ओरेगॉन राज्यात १९९४ मध्ये सुरू झालेल्या क्रिमसन ट्रेस कंपनीचं नाव या मुठीतल्या लेझरमुळे झालं.

मुठीच्या प्रकारात आणखी एक फायदा होता. नळीखाली काही जोडलेलं नसल्यामुळे माझं जुनं होल्स्टर तसंच वापरता येणार होतं. चापापुढं लेझर लावला की आकार बदलतो आणि जुन्या होल्स्टरमध्ये शस्त्र बसत नाही. मग बायका काय करतात, तर ते सैलसर पिशवीत नाहीतर पर्सच्या कप्प्यात टाकतात. हे सगळ्यात वाईट. होल्स्टरनं चाप पूर्ण झाकलाच पाहिजे.

लाल की हिरवा?

साडीच्या दुकानात विचारावा तसाच प्रश्न, पण इथं उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. आपल्या डोळ्याला हिरवा रंग सर्वांत जास्त जाणवतो. त्यामुळे तेवढ्याच शक्तीचा हिरवा किरण लालपेक्षा कितीतरी उजळ दिसतो. टेक्सासच्या जूनमधल्या उन्हात लाल ठिपका चार पावलांवर शोधत बसावं लागतं, हिरवा त्या मानानं बरा दिसतो. मिनेसोटातली व्हिरिडियन कंपनी हिरव्यासाठी प्रसिद्ध आहे. पण हिरवा बॅटरी जास्त खातो आणि बहुतेक वेळा महागही असतो.

मी स्वतःला विचारलं, मला भीती कुठली? भर उन्हातल्या रस्त्याची नाही. पडदे ओढलेल्या, वीज तोडलेल्या रिकाम्या घराची. तिथं लाल ठिपका कुंकवासारखा उठून दिसतो. म्हणून मी लाल घेतला. माझी मैत्रीण गुरांच्या रानात राहते, तिनं हिरवा घेतला. दोघींचंही बरोबर.

हल्ली पिस्तुलावर छोटी काच बसवून तिच्यात ठिपका दिसण्याची सोयही आली आहे. तो ठिपका फक्त आपल्याला काचेत दिसतो, समोर काही पडत नाही. मोठ्या पिस्तुलांवर ती चांगली, पण माझ्या एवढ्याशा रिव्हॉल्व्हरवर ते म्हणजे बाहुलीच्या डोक्यावर फेटा!

घरी आणल्याबरोबर लेझर कामाला लागत नाही, हेही सांगायला हवं. लेझर नळीच्या बाजूला असतो, नळीत नव्हे. किरण आणि गोळी एका ठरावीक अंतरावरच एकत्र येतात. ते अंतर आपण ठरवायचं आणि बारीक स्क्रू फिरवून रेंजवर जुळवायचं. मी ७ यार्ड ठरवलं, कारण खोली त्याहून मोठी क्वचितच असते. बॅटरी दर वाढदिवसाला बदलायची, असा नियम केला आहे. आणि किरण कुणाच्याही डोळ्यात जाऊ द्यायचा नाही.

चहाडखोर ठिपका

लेझरचा खरा उपयोग मला रेंजवर नाही, घरी कळला. आधी रिव्हॉल्व्हर रिकामं करायचं. एकदा बघायचं, दुसऱ्यांदा बोटानं चाचपून बघायचं. खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. मग सरावाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या भरून, बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. त्या भिंतीवर मी गेल्या वर्षीच्या कालनिर्णयचं एक पान चिकटवलंय. १५ तारखेच्या चौकोनात ठिपका धरायचा आणि हळूच चाप ओढायचा.

पहिल्या दिवशी काय झालं माहीत आहे? चाप ओढताच ठिपका १५ वरून खाली १६, १७ वर! माझ्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला पाचेक किलोचा जोर लागतो. तो लावताना सगळं मनगटच खाली जायचं. एरवी हे डोळ्याला कळलंच नसतं. ठिपका मात्र चहाडखोर. हात किती हलतो, श्वास कुठं अडकतो, सगळं भिंतीवर मांडून दाखवतो. रोज दहा मिनिटं, दोन महिने केलं. आता ठिपका बहुतेक वेळा १५ च्या चौकोनात राहतो.

बहुतेक वेळा म्हणाले, कारण ठिपका पूर्ण स्थिर कधीच राहत नाही. जिवंत माणसाचा हात थरथरतोच. नवशिक्या बायका तो थांबायची वाट बघतात, आणि थांबल्यासारखा वाटला की घाईनं चाप खेचतात. तिथंच नेम जातो. थरथर चालू असतानाच, सावकाश, एकसारखा जोर वाढवत जायचं. दिव्याशिवाय खाच-उंचवट्याचा सरावही मी सोडलेला नाही. बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही.

आणखी एक गंमत बाईंनी दाखवली. चाप ओढायचं नसेल तेव्हा बोट चापापासून दूर, अंगाला सरळ टेकवून ठेवायचं, हा पहिला नियम. माझ्या मुठीतल्या लेझरचा दिवा उजव्या बाजूला आहे, त्यामुळे बोट तसं सरळ ठेवलं की किरण अडतो आणि ठिपका दिसत नाही. मी म्हटलं, हा तर दोषच झाला. बाई हसल्या. "बोट जिथं असायला हवं तिथं असताना तुला ठिपका कशाला हवा?"

ठिपका काय सांगत नाही

लोकांना वाटतं, छातीवर लाल ठिपका दिसला की चोर पळून जाईल. सिनेमात जातो. खऱ्या आयुष्यात त्याला स्वतःच्या छातीवरचा ठिपका बहुधा दिसतच नाही. आणि नुसता धाक दाखवायला शस्त्र बाहेर काढणं हाही गुन्हा ठरू शकतो. समोरचा माणूस खरंच जिवावर उठलाय, की वाट चुकून आत आलाय, की त्याच्या हातात फक्त फोन आहे, यातलं काहीच ठिपका सांगत नाही. नळीचं तोंड कुठं आहे, एवढंच तो सांगतो. बाकीचं ठरवायचं ते आपण, आणि एकदा ठरवलं की ते परत घेता येत नाही.

आमच्या घरातला सर्वांत अवघड प्रश्न तर लेझरचा नव्हताच. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे मला वर्गात कळलं तेव्हा मी घरी येऊन त्याच्या खोलीच्या दाराशी बराच वेळ उभी राहिले. त्या वयात एखादी संध्याकाळ फार वाईट जाते आणि सकाळी ती विसरलेली असते. मध्ये हाताशी काय आहे, यावर सगळं अवलंबून. नवऱ्यानं एकच अट घातली होती, आणि मला ती शंभर टक्के पटली. रिव्हॉल्व्हर एक तर माझ्या अंगावर, नाहीतर भिंतीला बोल्टनं जखडलेल्या तिजोरीत. तिसरी जागा नाही. नंबर आम्हा दोघांनाच माहीत. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र ठेवणं हा गुन्हाच आहे, पण कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं.

म्हणूनच पर्सही नाही. बायकांना पर्सच सुचते, तशा खास पर्स बाजारात मिळतातही. पण पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, ट्रॉलीत ठेवतो, कुणाच्या तरी हातात देतो. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या बाळानं आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, ते उडालं, आणि आई जागीच गेली. त्या बातमीपुढं लेझर लाल की हिरवा ही चर्चा किती लहान वाटते!

दिव्याच्या आधीचं शहाणपण

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला कशाला? खरं आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, आणि तो सहज मिळत नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हा त्याची किंमतच सव्वा लाखाच्या घरात होती. मी सांगते म्हणून कुणी शस्त्र घ्यावं, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

पण अनोळखी दारात एकटीनं जाणाऱ्या बायका आपल्याकडेही कितीतरी आहेत. आशाताई, विम्याच्या एजंट, जनगणनेला जाणाऱ्या शिक्षिका, घरी जाऊन ब्यूटी पार्लरचं काम करणाऱ्या मुली. त्यांच्यासाठी आमच्या व्यवसायातल्या या सवयी सांगते. यातल्या एकीलाही बॅटरी लागत नाही.

• नव्या माणसाला पहिल्यांदा चार माणसांत भेटा. मी गिऱ्हाइकाला आधी ऑफिसात बोलावते, ओळखपत्राचा फोटो घेते. खोटा माणूस बऱ्याचदा इथंच गळतो.

• कुठं जाताय, किती वाजता परत येणार, हे एका माणसाला सांगून ठेवा. वेळ टळली तर त्यानं फोन करायचा, हे आधीच ठरलेलं असू द्या.

• खोलीत समोरच्याला आधी जाऊ द्या. आपण दाराजवळ राहायचं. पाठ त्याच्याकडे आणि तोंड कोपऱ्याकडे, असं कधी उभं राहू नका.

• गाडी किंवा स्कूटर अशी लावा, की दुसरी गाडी आडवी लावून कुणाला ती अडवता येणार नाही.

• मन कचरलं तर सरळ निघा. कारण द्यायची गरज नाही. "फोन आला, जावं लागेल" एवढं पुरे. समोरच्याला वाईट वाटेल, हा विचार आपल्याला लहानपणापासून शिकवलेला असतो, तेवढा त्या क्षणी बाजूला ठेवायचा.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी एक गृहस्थ ऑफिसात यायला तयार होईनात. "थेट घरीच भेटू, वेळ कमी आहे" असं तीनदा म्हणाले. माझ्या कमरेला रिव्हॉल्व्हर होतं, मुठीत लेझर होता, बॅटरीही नवी होती. मी गेले नाही. ते घर नंतर दुसऱ्यानं विकलं, माझं कमिशन बुडालं. त्या रात्री घरी येऊन मी तिजोरी लावली, कुकर लावला, आणि मुलाला हाक मारून जेवायला बसवलं.